पोटातला जावई

४ फेब्रुवारी

सकाळचे आठ. आकाश दोन अष्टमांश, उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग. वारा नाही. डावीकडची खालची दाढ ठणकते आहे.

निवृत्त होताना वेधशाळेतून मी दोनच गोष्टी घरी आणल्या. एक मानेचे दुखणे, चौतीस वर्षे वर पाहिल्याचे. दुसरी ही कोरी नोंदवही, कडेला शेऱ्याचा स्तंभ असलेली. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकले ते लिहायचे, एवढेच माझे काम. जुने साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "दिसेल ते लिही. वाटेल ते लिहू नकोस. अंदाज बांधायला वर माणसं बसली आहेत." मी चौतीस वर्षे एकही अंदाज बांधला नाही. ही म्हणते, घरातही बांधला नाहीत.

दंतवैद्याकडे गेलो. जावईबापूंनीच हा सुचवला. मागच्या महिन्यात त्यांचीही दाढ याच खुर्चीत बरी झाली म्हणे. बाकावर बसल्या बसल्या भिंतीवरचा तक्ता वाचला. माणसाच्या तोंडात सातशेच्या आसपास जातींचे सूक्ष्म जीव सापडतात. वाचून उगीच बरे वाटले. आमच्या चौथीच्या वर्गात सत्तावन्न मुले होती, तरी गुरुजींचा घसा बसायचा. इथे सातशे जाती नांदतात आणि आवाज म्हणून नाही.

दाढेच्या मुळाशी पू आहे. दहा दिवसांच्या जबर गोळ्या. "तुमच्या जावयांना दिल्या त्याच," दंतवैद्य म्हणाला. "एकूण एक मरतील." कोण, असे विचारायचे होते, पण तोंडात त्याचा आरसा होता.

१५ फेब्रुवारी

आकाश निरभ्र. गोळ्या संपल्या. दाढ शांत. तोंडात कसे ओस वाटते, वार्षिक सुट्टीतल्या शाळेसारखे. हिला सांगितले. म्हणाली, "ओस वाटतंय तर दात घासा."

दुपारनंतर पोटात दूरवर गडगड.

२१ फेब्रुवारी

आकाश पाहता आले नाही. कारण लिहायला संकोच वाटतो, पण दिसेल ते लिहावे असा नियम आहे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत अकरा वेळा. गडगडाटासह.

२४ फेब्रुवारी

पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. तपासणीचा कागद वाचून म्हणाल्या, "काका, तुमच्या आतड्यात कोट्यवधी जिवांचं एक गाव होतं. कुणी अन्न कुजवून पचवायचं, कुणी जीवनसत्त्व करायचं, कुणी नुसती राखण करायचं. दाढेच्या गोळ्यांनी गाव उठलं. आता मोकळ्या घरांत एकच गुंड जात शिरलीय, आणि ती विष ओकतेय."

मी विचारले, "गेलेली मंडळी परत येतील का?"

"बघू या. आधी गुंडांना हाकलू." आणखी गोळ्या दिल्या. म्हणजे गावावर पुन्हा गोळीबार.

पडल्या पडल्या 'ओढा' ही कविता म्हटली. चौथीच्या पुस्तकातली, पान एकतीस. कवीचे नाव पानावर नव्हते, पण शेजारच्या चित्रात बगळा होता.

उंच कड्यावर निजला ओढा,
वाऱ्याने त्या जागविले;
तहानलेले गाव पायथी,
कानी त्याच्या सांगितले.

चार कडवी आहेत. शेवटच्या कडव्यातली तिसरी ओळ मात्र कित्येक वर्षांपूर्वी माझ्या हातून निसटली. "शेवट त्याचा कुणी न देखे, वाळूमध्ये विरे कुठे," मग एक ओळ रिकामी, मग "गाणे त्याचे मंद उठे." रिकाम्या जागी मी गुणगुणतो. पुस्तक केव्हाच रद्दीत गेले. लेकीने तिच्या फोनवर शोधून पाहिली, तिथेही नाही.

या कवितेवरून आठवले. बावीस वर्षांपूर्वी लेकीने जावईबापूंना पहिल्यांदा घरी आणले, तेव्हा मी त्यांचे शिक्षण, घरदार काही विचारले नाही. 'ओढा' म्हणून दाखवली. माणूस मोजायची माझी तीच पट्टी. ते ऐकत होते की चपलेचा अंगठा बघत होते कोण जाणे. शेवटी म्हणाले, "छान आहे. यात एक विहीर होती ना?" मी सांगितले, विहीर तुमच्या धंद्यात असते, कवितेत ओढा आहे. ते म्हणाले, "असेल." त्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे दुकान आहे. तेव्हापासून आमचे बोलणे टाकी, नळ आणि तब्येत यांच्यापलीकडे गेले नाही.

१२ मार्च

आकाश चार अष्टमांश, गच्चीच्या तिसऱ्या पायरीवरून दिसले तेवढेच. पुढे चढवत नाही. गोळ्या होत्या तोवर बरे, संपताच पुन्हा तेच. नऊ वेळा. ही पोटाच्या नोंदी पाहून म्हणाली, "आभाळाच्या वहीत हे काय लिहिताय? उद्या कुणी वाचली तर म्हणेल ढगफुटी झाली."

जावईबापू आले होते. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवून गेले. तीन तास ठोकाठोक. दोनदा मोजले, दोनदा काढून पुन्हा बसवला, माझ्या खांद्याची उंची टेपने मापून घेतली. मी म्हटले, आवाज जरा कमी नाही का होणार? म्हणाले, "बघू."

हा त्यांचा आवडता शब्द. बावीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेले सगळे शब्द एका पोस्टकार्डावर मावतील, आणि त्यांतले निम्मे 'बघू' असतील.

२६ मार्च

दुखणे तिसऱ्यांदा उलटले. वजन चौदा किलोंनी उतरले. ही आता टोमणे मारत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "काका, गोळ्यांनी आता भागणार नाही. या वयात आणखी एक फेरा झेपायचा नाही तुम्हाला. गाव पुन्हा वसवायचं."

"ते कसे?"

"निरोगी माणसाच्या पोटातली वस्ती आणून तुमच्या पोटात सोडायची. दुर्बिणीच्या नळीने."

"त्या माणसाच्या पोटातून ती बाहेर कशी येते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी बाईंकडे पाहिले. लेक खिडकीबाहेर बघू लागली.

"रोज सकाळी येते तशीच," बाई म्हणाल्या.

मी उठायचा प्रयत्न केला, पण उठता आले नाही. म्हटले, मी आयुष्यभर आकाशाकडे पाहिलेला माणूस आहे. बाई म्हणाल्या, "म्हणून तर खाली काय चाललंय ते कळलं नाही." त्या रुग्णालयाच्या साठ्यातल्या, तपासून घेतलेल्या अनोळखी दात्यांविषयी सांगू लागल्या. मी निक्षून सांगितले, परक्याचे पोटात घेऊन मी जगणार नाही. घेतलेच तर घरातले.

मग घरातल्यांची उजळणी झाली. हिचे वय बसत नाही. लेकीला आतड्याची जुनी तक्रार. दुसरे कोणी नाही. मग दाराशी उभे असलेले जावईबापू घसा खाकरून म्हणाले, "माझं चालत असेल तर घ्या."

त्यांनी आयुष्यात मला देऊ केलेली ही सर्वात मोठी वस्तू. मला 'नको' म्हणायची ताकद नव्हती.

२८ मार्च

आकाश सहा अष्टमांश, करडे.

एक भीती सतावते आहे, इथे लिहून टाकतो. लेकीने रुग्णालयातून आणलेल्या माहितीपत्रकात म्हटले आहे की पोटातल्या जिवांचा मनावरही काही परिणाम होत असावा, शोध चालू आहे. म्हणजे उद्या पंपवाल्यांचे कोट्यवधी जंतू माझ्यात नांदू लागले, तर कविता कुठे राहणार? ज्या माणसाने सूर्यास्त पाहून "उद्या टाकी धुवायला हवी" असे म्हटले होते, त्याची प्रजा माझ्या पोटात. त्यांच्यात एकाला तरी यमक कळत असेल का?

हिला बोललो. म्हणाली, "तुमच्या जंतूंना सगळ्या कविता येत होत्या. काय उपयोग झाला? एका दाढेत गारद."

३१ मार्च

जावईबापूंच्या तपासण्या चालू आहेत. रक्त दिले, दुसरेही दिले. छपन्न प्रश्नांचा कागद भरला. सिगारेट सोडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्याची गरज नाही, तरी सोडली. डब्यात कच्ची गाजरे आणि मोडाची कडधान्ये नेतात, असे लेक सांगत होती. "बाबा, ते म्हणतात, द्यायचा माल चांगला असावा."

माल. शब्द तरी पाहा.

२ एप्रिल

कालपासून रुग्णालयात आहे. जावईबापू माझ्या खाटेशी आले. उभेच राहिले. हातातली पिशवी या हातातून त्या हातात. "बाबा," म्हणाले, "ते माझं..." मग थांबले. त्यांना आपल्या देणगीविषयी लाज वाटत असावी. मी मोठ्या मनाने म्हटले, "जावईबापू, मी काही विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका." ते आणखीच अवघडले. म्हणाले, "बाई सांगतील तुम्हाला." आणि गेले. पिशवी विसरले. आत उशीचा अभ्रा होता, घरचा, मला सवयीचा.

३ एप्रिल

उद्या सकाळी. आज पोट धुऊन काढायचे औषध प्यायलो. त्याच्याविषयी न लिहिणे बरे.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. माझा चष्मा हिच्या पिशवीत, ही खाली औषधांच्या खिडकीशी. मी डोळे मिटून 'ओढा'वर स्वतःची परीक्षा घेत होतो, उद्यानंतर कविता राहते की नाही हे तपासायला आज ती पुरी आहे याची नोंद हवी. बाई काहीतरी समजावत होत्या, दात्याविषयी होते. मी दुसऱ्या कडव्यात होतो, मध्येच थांबलो असतो तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली असती. "चालेल ना काका? तुमची हरकत नाही ना?" एवढे ऐकू आले. मान डोलावली. त्यांनी बोट ठेवले तिथे सही केली.

चौथ्या कडव्यातली ओळ सोडून सर्व जागेवर. परिस्थिती नेहमीसारखी.

४ एप्रिल

झाले. गुंगी दिली होती. वेधशाळेचा फुगा हातातून सुटून वर जातो आहे आणि दोरी माझ्या बेंबीला बांधली आहे, असे काहीसे दिसले.

जाग आल्यावर पहिले काम 'ओढा'. पहिले कडवे आले. दुसरे आले. तिसऱ्यात "खडकांपाशी" की "खडकांवरती" यावर अडखळलो. सुरुवात झाली म्हणायची.

७ एप्रिल

आकाश तीन अष्टमांश, खाटेवरून. काल एकदा. आज एकदा. ही दोन एके पुन्हा ठळक गिरवली. इतका सुंदर आकडा मी चौतीस वर्षांत लिहिला नव्हता.

ही खुर्चीत बसून रडली. मग म्हणाली, "पुरे झालं. उशी सरळ करा."

जावईबापूंचे आभार मानायचे ठरवून ठेवले होते. दोन ओळी जुळवल्याही होत्या. ते आल्यावर म्हटले, "आज जो हा देह उभा आहे तो तुमच्या..." पुढे योग्य शब्द सापडेना. ते कानापर्यंत लाल झाले. "अहो बाबा, मी काय केलं त्यात," म्हणाले आणि खाटेखाली वाकून चाकांचे स्क्रू तपासू लागले. विनय आहे माणसात, हे मान्य करायला हवे.

लेक आणि ही एकमेकींकडे पाहत होत्या. दोघींना भरून आले असावे.

१३ एप्रिल

घरी. आकाश एक अष्टमांश. गच्चीच्या सहाव्या पायरीपर्यंत.

लक्षणे नोंदवून ठेवतो.

एक. सकाळी अंथरुणात स्वयंपाकघरातल्या नळाचे ठिबकणे ऐकू आले. हा नळ सात वर्षे ठिबकतो आहे असे ही म्हणते. मला आजच ऐकू आला.

दोन. दुपारी दोन उकडलेली अंडी मागून खाल्ली. जावईबापू दोन खातात.

तीन. हिने विचारले, संध्याकाळी खाली फिरायला येणार का? माझ्या तोंडून निघाले, "बघू."

ही हातातले भांडे ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

१६ एप्रिल

आकाश पाच अष्टमांश, पश्चिमेला ढगांचे भव्य किल्ले. पाहताना नेहमी जे होते ते व्हायची वाट पाहिली. त्याऐवजी मनात आले, हे सगळे खाली आले तर आपली टाकी किती वेळा भरेल?

खाली येऊन पडून राहिलो. गेली कविता.

हिला सगळे सांगितले. जंतू कामाला लागले आहेत, मी हळूहळू पंपवाला होत आहे. ही खूप वेळ पदर तोंडाला लावून बसली. मला वाटले रडते आहे. मग म्हणाली, "मग तो नळ तेवढा बघा की. जंतू आहेत तोवर करून घेऊ."

२२ एप्रिल

लेकीला बाहेर कामे होती, मला दोन तास दुकानात सोडून गेली. बावीस वर्षांत मी दुकानाची पायरी चढलो नव्हतो. लांबट खोली, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, प्रत्येकाच्या मागे त्याची रंगाने काढलेली बाह्यरेखा, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच कळते. आमच्या वेधशाळेत इतकी शिस्त नव्हती. जावईबापूंनी एकुलत्या एका खुर्चीवर उशी ठेवली होती. कोणी येणार होते की काय, विचारले. "नाही," म्हणाले.

टेबलावर एक पंप उघडा पडला होता. मोटर फिरते, पाणी मात्र येत नाही, अशी त्याची तक्रार. मी विचारले, बिघडले काय? माझाच आवाज ऐकून मला आश्चर्य वाटले.

"काही नाही बिघडलं. कोरडा पडलाय. आत हवा शिरली की कितीही फिरवा, खेचत नाही." त्यांनी एक तांब्या पाणी घेऊन वरच्या भोकातून ओतले. "आधी बाहेरचं थोडं पाणी घालायचं. एकदा भरला की मग आपलं आपण खेचतो."

"हे पाणी कुठल्या विहिरीचे?"

"कुठलंही चालतं." ते माझ्याकडे न पाहता झाकण घट्ट करत होते. "परकं असलं तरी चालतं, बाबा. पंप विचारत नाही."

बटण दाबले. नळी जरा थरथरली, खोकली आणि पाण्याची जाड धार बादलीत पडली. मी टाळी वाजवली असे लेक म्हणते, तेवढ्यात ती आली होती. माझ्या लक्षात नाही.

इतके दीर्घ बोलणे त्यांनी माझ्याशी पहिल्यांदाच केले. नेमके काय सांगायचे होते कळले नाही, पण पंपाची माहिती उपयुक्त आहे.

२९ एप्रिल

आकाश निरभ्र. हा माझा दुकानातला तिसरा दिवस. नळाचा वॉशर कसा बदलायचा ते शिकलो. जुना वॉशर खिशात घालून घरी आणला. ही म्हणाली, "मोती सापडल्यासारखा काय दाखवताय?"

जावईबापू मधल्या वेळात अजून गाजरेच खातात. सिगारेट नाही. मी म्हटले, आता कशाला एवढे पथ्य, देणे देऊन झाले. ते गाजर चावत राहिले. मग म्हणाले, "सवय लागली." पण चेहऱ्यावरून सवय वाटत नव्हती, शिक्षा वाटत होती.

४ मे

आकाश दोन अष्टमांश. आजची नोंद लांबेल.

दुकानात मी स्क्रू मापाप्रमाणे निवडत होतो. निवडता निवडता कधी गुणगुणू लागलो कळले नाही. पुष्कळ दिवसांनी आपसूक आली म्हणून मीच दचकलो, पण थांबलो नाही. पहिले, दुसरे, तिसरे ("खडकांवरती", आज खात्रीने आले), मग चौथे.

शेवट त्याचा कुणी न देखे,
वाळूमध्ये विरे कुठे;

आणि नेहमीप्रमाणे रिकाम्या ओळीवर गुणगुणू लागलो. तेव्हा मोटरीत डोके घातलेले जावईबापू तिथूनच, आवाजात काही चढउतार न आणता, हिशेबाची पाटी वाचावी तसे म्हणाले,

"विहिरीच्या पण तळास अजुनी."

मग मी म्हटले की त्या ओळीने म्हटले कोण जाणे, "गाणे त्याचे मंद उठे."

हातातले स्क्रू टेबलावर सांडले. सगळे, निवडलेले आणि न निवडलेले.

"तुम्हाला कशी येते?"

"शंभर वेळा लिहिलीय." त्यांनी डोके बाहेर काढले. नाकाला वंगण लागले होते. "चौथीत आम्हालापण होती. पाठ होईना. गुरुजींनी शेवटचं कडवं शंभरदा लिहायला लावलं. पुढचं-मागचं काही येत नाही मला, तेवढं एकच कडवं. आता मरेपर्यंत जात नाही."

"आणि तुम्ही बावीस वर्षे बोलला नाहीत?"

"बोललो होतो की. विहीर होती ना, म्हणून विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात." फडक्याला हात पुसत म्हणाले, "मला वाटलं तुमच्या पुस्तकात नसेल."

मी खुर्चीवर बसलो. ते बाजूला उभे राहून म्हणाले, "मला ते आवडायचं पण. म्हणजे लिहून लिहून हात मोडला, पण खरं आहे ते. ओढा वाळूत जातो म्हणजे संपतो का? मुरतो. खालून झिरपत विहिरीला लागतो. उन्हाळ्यात लोक पाणी उपसतात, त्यांना कुठे माहीत कुठला ओढा ते. मी पंपाच्या धंद्यात पडलो तेव्हा एकदा आठवलं होतं ते."

कवितेतली एकमेव धंद्याची ओळ माझ्या हातून निसटली, आणि तीच याच्याजवळ राहिली. बावीस वर्षे मी ज्या माणसाला दोन टाक्यांच्या मधला माणूस समजत होतो, त्याच्या पोटात... इथे थांबतो. पोटाचा संबंध नाही, हातात होती ती. हाताने लिहिलेली.

तरी एक विचार येतो. त्याचे जंतू माझ्यात आले आणि महिन्याभरात मला माझी ओळ मिळाली. शोध चालू आहे म्हणतात, त्यांना हे कळवावे का?

११ मे

आकाश निरभ्र. वारा पश्चिमेचा, मंद.

सकाळी चष्मा शोधत होतो. हिच्या पिशवीत नव्हता, म्हणून रुग्णालयाच्या कागदांच्या फायलीत पाहिले. चष्मा तिथेच होता. घालून पाहिला, तर समोर ३ एप्रिलचा कागद. खाली माझी सही, दुसऱ्या कडव्यासारखी डुलत गेलेली.

वर लिहिले होते: "कुटुंबातील दाता (जावई) अपात्र. जानेवारीत दाढेसाठी प्रतिजैविके घेतली. रुग्णास दाता बदलल्याचे समजावून सांगितले, रुग्णाची संमती. साठ्यातील दाता क्रमांक एकतीस." त्याखाली वेगळ्या शाईत: "जावयांची विनंती: रुग्णाला पुन्हा गरज पडल्यास आपले घ्यावे. जुलैनंतर फेरतपासणी करू. तोवर आहार सांभाळण्यास तयार."

फाईल मांडीवर घेऊन किती वेळ बसलो, त्याची नोंद नाही.

म्हणजे माझ्या पोटात क्रमांक एकतीस. पान एकतीस आठवले, पण तो योगायोग, त्याचा अर्थ लावणे माझ्या खात्यात बसत नाही. एकतीस कोण, कुठे राहतो किंवा राहते, यमक कळते का, काही माहीत नाही. मी ज्याला 'परका' म्हणून निक्षून नाही म्हटले होते तोच हा, आणि त्याने माझी साधी चौकशीही न करता मला उभे केले.

मग नळाचे ठिबकणे कुणाच्या कानांनी ऐकले? 'बघू' कुणाच्या तोंडून आले? दुकानात तीनदा, आता नऊदा, कुणाच्या पायांनी गेलो? एकतीसला तर पत्ताही ठाऊक नाही.

आणि ती गाजरे. दीड महिना झाला, तो माणूस माझे पोट पुन्हा बिघडलेच तर हाताशी असावे म्हणून स्वतःचे पोट तयार ठेवून बसला आहे. मी वर, "कशाला एवढे पथ्य?"

ही दारात उभी होती. फायलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "वाचलंत?"

"चष्मा सापडला," मी म्हटले.

"आम्ही सांगणार होतो. पण तुम्ही दुकानात जायला लागलात. जावई म्हणाला, राहू दे, नाहीतर बाबा यायचे बंद होतील." जाता जाता वळली. "त्या खुर्चीवरची उशी मी शिवून दिलीय. तुम्हाला वाटलं असेल जंतूंनी शिवली."

दुपारी दुकानात गेलो. तो नळीला दट्ट्या बसवत होता. मला पाहून पाना खाली ठेवला. आज घरून फोन गेला असावा, चेहरा तसा होता.

"बाबा, एक सांगायचं राहिलं होतं. ते पोटाचं..."

"ते नंतर. आधी बाराचा पाना दे."

त्याने दिला. पहिल्यांदाच मी त्याला 'अरे-तुरे' केले, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले.

"नाही, पण बाबा, खरं तर माझं नव्हतंच..."

"हे बघ," मी म्हटले, "चौतीस वर्षं निरीक्षणाचं काम केलंय मी. माझ्या पोटात कुणाचे जंतू आहेत ते मला कळतं. नळ ऐकू येतो, अंडी दोन लागतात, 'बघू' म्हणतो. आता तू मला शिकवणार?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "बघू." आणि डब्यातले एक गाजर मोडून अर्धे माझ्यापुढे धरले.

कच्चे गाजर मला कधीच आवडले नाही. खाल्ले.

घरी येऊन ही नोंद करतो आहे. चौतीस वर्षे आणि वर ही वही, दिसले तेवढेच लिहिले. ढग तीनचे चार केले नाहीत, पावसाचा एक थेंब पदरचा घातला नाही. शेऱ्याचा स्तंभ ४ एप्रिलपासून रिकामा आहे, तो आज भरतो. ही खोटी नोंद मी शुद्धीवर असताना, चष्मा घालून करत आहे.

शेरा: पोट उत्तम. दाता, जावई.